डोळे भरायच्या दिवसांत

मी तासगावचा. नदाफ. बाप गाद्या पिंजायचा,
मी द्राक्षाला कलमं बांधतो.
भाद्रपदात जंगली खुंट छाटायचा, मधोमध चीर द्यायची,
पाचरीसारखी तासलेली काडी बसवायची, डोळा वर,
आणि पट्टी आवळायची
बाळंतिणीचं पोट बांधतात तशी.
अल्लानं सगळ्यात आधी कलम पैदा केली, असं मदरशात शिकवायचे.
मला कितीतरी वर्षं वाटायचं, ती हीच.

वीस वर्षांत माझ्या हातून झालेल्या सगळ्या वेली
खरं तर एकच वेल आहे.
हे मला शमशादनं सांगितलं. धाकटी बहीण.
तिचा सुहेल नवव्या वर्षी गेला, मेंदूत ताप चढून.
भज्यांचं तेल लागलेल्या कागदावर तिनं मेंढीची बातमी वाचली
आणि सुरम्याची डबी घेऊन बागेत आली.
डबीत अकिक्याचे केस. बाकीचे चांदीशी तोलून दिले होते,
एक बट ठेवली होती.
म्हणाली, भाई, तू काडीपासून करतोस.
ह्यापासून नाही का होणार?

मला उत्तर येत नव्हतं. मी तिला मिरजेला नेलं.

मौलाना इद्रिस पाय सुजलेले, बाजेवर बसून.
खाली सतारीच्या दुकानात कुणीतरी
एकच तार पुन्हापुन्हा लावून बघत होतं.
ते म्हणाले, झाडाचं चालतं.
जनावराचं, हाल नसतील आणि कुणाचं भलं होत असेल, तर
काही आलिम चालवून घेतात.
माणसाचं नाही.
मग शमशादलाच विचारलं : तो तुला काय लागेल?
त्यात तुझ्या नवऱ्याचं काही नवं नाही, तुझंही नाही,
सगळं सुहेलचंच.
मग तो तुझा लेक, की नातू? सुहेलचा भाऊ, की मुलगा?
वारसात त्याचा हिस्सा कुठं मांडू?
निकाहाच्या वहीत त्याच्या नावापुढं ‘बिन’ लिहीन,
आणि त्याच्यापुढं?

शमशाद म्हणाली, आदमला कुठं आईबाप होते?
ईसाला बाप कुठं होता?

मौलाना हसले. तिथं ‘हो’ म्हणणारा वेगळा होता, बेटी.
तो म्हणतो हो, आणि होतं.
त्या एका मेंढीआधी किती फसल्या, ते तुझ्या कागदावर छापलंय?
मेंढ्या फसल्या तर फेकतात.
लेकरं फसली तर कुठं पुरशील?

ती बराच वेळ डबीचं झाकण फिरवत राहिली.
मग म्हणाली,
आणि कुणी केलंच, लपूनछपून, झालाच जन्माला,
तर त्याच्या कानात अजान द्यायची, की नाही?

खालची तार थांबली होती.
मौलानांनी टोपी काढली, टक्कल पुसलं, पुन्हा घातली.
द्यायची, म्हणाले.
गुन्हा करणाऱ्याचा. लेकराचा कसला?
रूह कुणी काचेच्या नळीत फुंकत नाही,
ती येते तिथूनच येईल.
पण ती सुहेलची नसेल.
सुहेलचा चेहरा घेऊन दुसराच कुणी तुझ्याकडं बघेल,
तू रोज सुहेल म्हणून हाक मारशील,
त्या बिचाऱ्यानं ओ द्यायची ती कुणाच्या वतीनं?

परतीच्या एसटीत तिनं भडंग खाल्लं, पुडी चाटूनपुसून.
रडली नाही. कवठे-एकंदच्या पुढं झोपली.

दुसऱ्या दिवशी मी न बोलावता ती बागेत आली, पट्ट्या बांधायला.
तिचा हात हलका आहे, माझ्यापेक्षा.
तीन आठवड्यांनी बघितलं तर तिच्या ओळीतले सात डोळे वाळलेले.
ती एकापाशी उकिडवी बसली.
इथं पुन्हा तीच काडी?
म्हटलं, जात तीच. पण हा डोळा गेला, शमशाद.
दुसरा भरायचा.

तिनं चाकू मागितला.
डबी अजून तिच्याकडंच आहे. मी विचारत नाही.