तर्वात?

पाचवा भाग आला तेव्हा मे महिना होता.
गाजूल सरांनी तो पेपरात गुंडाळून दिला,
चोरीचा माल द्यावा तसा.
"तुझ्यामागं तेरा जण आहेत. मंगळवारी परत."
मंगळवार आमच्या पाण्याचा दिवस.
मी नुसती मान हलवली.

त्या राज्यात सावलीवर कर होता.
भरता आला नाही तर शिपाई यायचे,
टाचेपाशी कापून, घडी घालून न्यायचे तिला
राजाच्या कोठारात.
चार भाग आम्ही एकाच प्रतीत वाचले, मी आणि स्रवंती.
मी तळाशी पोचायच्या आत ती पान उलटायची.
चौथ्याच्या शेवटी तमाली कोठाराच्या दारात,
मुठीत किल्ली, पाठीत सख्ख्या भावाचा सुरा.
त्याच आठवड्यात स्रवंतीच्या बापाचे माग भंगारात गेले,
किलोवर.
टेम्पोत गाद्यांवर बसून ती ओरडली,
"शेवटचा एकटीनं वाचलास तर बघ बे!"
नंतर भिवंडीचा तो नंबर लागेना झाला.

म्हणून मोठ्यानं वाचला.

अम्मा, बालम्मा अत्ता, मैमून खाला.
भिंतीच्या बुडाशी सावलीची पट्टी,
मांडीवर सुपं, सुपात तंबाखू, ओली पानं, दोरा.
दहाला पट्टी चटईएवढी होती,
अकराला टॉवेलाएवढी,
मग पाय पोटाशी घेऊन चौघी भिंतीला चिकटलो.
कात्र्या थांबत नव्हत्या. मी दम घ्यायला थांबले
की अम्मा मान वर न करता म्हणायची, "तर्वात?"
म्हणजे मग. म्हणजे पुढं. म्हणजे थांबलीस का?

सावल्या मोजणारा कारकून आला
तेव्हा बालम्मा अत्ता थुंकली.
"आमचा चेकर हाय हा.
हजारात साठ छाट काढतो,
आन् छाट काय फेकून देतो व्हय? ठेवून घेतो."
मैमून खालाचा प्रश्न वेगळाच होता:
कापताना रक्त येतं का?
पुस्तकात तसं लिहिलं नव्हतं. मी येतं म्हणाले.

एकशे चाळिसाव्या पानावर
लोक कोठारासमोर बसून राहतात, नुसते,
आणि अम्मा म्हणाली, "नऊ दिवस मीपण बसलेले.
कारखान्याच्या दारात. तू पोटात होतीस."
कात्री तशीच चालू.
मी विचारलं, मग?
"मग काय. हजारामागं तीन रुपये वाढले."
दातानं दोरा तोडला. "वाच."

दार उघडलं तेव्हा बारा वाजून गेले होते.
कोठारातून सावल्या सुटल्या,
वास घेत, पायऱ्यांवरून, गल्लीबोळांतून
आपापली टाच शोधत,
आणि मैमून खाला उठून उभी राहिली,
स्वतःभोवती फिरली एकदा.
"अगं, माझी कुठंय?"
कुणाचीच नव्हती.
खांबाची नाही, बादलीची नाही, दोरीवरच्या परकराची नाही.
सूर्य बरोबर डोक्यावर.
मेमध्ये एक दिवस असं होतं,
शाळेत शिकवलं होतं, मला आठवत होतं सगळं,
तरी हात थरथरले.
त्या दोन-चार मिनिटांत कुणी विडी वळली नाही.

उरलेली सहा पानं मी उन्हातच वाचली.
तमालीनं मुकुट विहिरीत टाकला.
काही सावल्यांना टाच सापडली नाही,
त्या चौकात बसून राहिल्या.
खाली लिहिलं होतं: समाप्त.

"तर्वात?"
"संपलं, अम्मा."
"संपलं कसं? त्या शिपायांना काम कुणी दिलं?
कोठारात आता काय ठेवतात?
आन् त्या चौकातल्यांना रात्री घरी कोण नेणार?"

समाप्तनंतर दोन कोरी पानं होती.
ती उलटून बघितली मी, खरंच.
तेवढ्यात समोरच्या भिंतीच्या पायथ्याशी
सुतळीएवढी काळी रेघ उमटली.
चौघींनी, म्हणजे तिघींनी सुपं उचलली,
चौथी मी, पुस्तक घेऊन.
गल्ली ओलांडताना चटके बसत होते.
"चल," अम्मा म्हणाली,
"तिकडं बसून सांग."