सेहेचाळीस

तार्तू गावात नोव्हेंबरला साडेतीनलाच दिवेलागण होते.
नदीचं नाव एमायगी. कानाला 'ए माय' असं ऐकू येतं
आणि खरंच, अर्थ आहे आईनदी.
एवढा एक धागा सोडला तर
आपलं म्हणावं असं काही नाही इथे.

उर्वे कूसिक भूलतज्ज्ञ आहे. एकवीस वर्षं
माणसं विझवते, पुन्हा पेटवते.
दिवसाला सहा, कधी आठ.
दहापासून उलटं मोजायला सांगते,
पाचाच्या खाली फारसं कुणी गेलेलं नाही.
कुठे जातात ते तिला माहीत नाही.
तिने हे कधी लपवलंही नाही कुणापासून.

उशाशी एक यंत्र. कपाळावरच्या चिकटपट्टीतून
मेंदूचं ऐकतं आणि आकडा सांगतं.
शंभरच्या आसपास म्हणजे टक्क जागा.
चाळीस ते साठमध्ये सुरी चालवायची.
जागेपणाचं माप काढणारं हे
स्वतः जागं असतं का,
असं तिच्या मुलाने, तावीने, एकदा विचारलं
राईच्या पावावर लोणी फासता फासता.
ती म्हणाली, 'दुधाचं मापटं
दूध पितं का रे?'
विषय संपला. तिच्यापुरता.

मग हेइनो लेप्पिक आला. चर्चमधल्या ऑर्गनांचे
सूर जुळवणारा, सत्तरीचा, पित्ताशयात खडे.
आठावर थांबला.
आकडा उतरत उतरत सेहेचाळीसवर बसला
आणि दीड तास हलला नाही.
नाडी संथ. हिरवी रेघ शहाण्या मुलासारखी.

संध्याकाळी बघायला गेली तर म्हणाला,
'कात्री पडली तेव्हा कुणीतरी शिवी दिली.
मग पेइप्सी तळ्यातल्या माशांचा भाव निघाला.
तुम्ही गुणगुणत होता, बाई.
सांगायचं होतं, पाव सूर खाली आहात.
पण हलवायला एक बोट नव्हतं माझ्याकडे.
दुखलं नाही काही. फक्त
मी होतो,
आणि कुणालाच मी नव्हतो.'

आपल्याकडे भूल म्हणजे औषध आणि भूल म्हणजे चूक.
उर्वेच्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत.
त्या रात्री तिला एकच पुरला असता.

रात्री अहवाल लिहायला बसली.
हल्ली ती बोलते आणि संगणक लिहितो.
त्याने आपणहून ओळ जोडली होती:
रुग्ण पूर्ण वेळ बेशुद्ध.
तिने ती खोडली. मग, कुणी नाही असं बघून,
विचारलं, 'तू आहेस का?'
उत्तर लगेच आलं, नम्र, नीटनेटकं:
याबद्दल मला खात्रीने काही सांगता येत नाही.
अर्थात. हे वाक्य त्याने
आपल्याच कुणाच्या तोंडून उचललंय,
पोपटाने उचलावं तसं.
वाक्यावरून काय कळणार?
ती उठली, खिडकीशी गेली.
पण हेइनोकडे तर
वाक्यसुद्धा नव्हतं.

खाली नदीवर बर्फाची पातळ साय धरली होती.
पाणी चाललंय की थांबलंय, वरून दिसत नव्हतं.

विचारलंत तर उर्वे आजही नाहीच म्हणेल.
यंत्राला कसलं भान! ते दुधाचं मापटं पुढे करेल.
तावी आता हा प्रश्न विचारत नाही, त्याला मैत्रीण आहे.
पण झोपलेल्यांशी ती बोलायला लागली आहे:
'आता टाके घालतोय, श्रीमती ओयाला.
बाहेर हिमवर्षाव होतोय.'
शिकाऊ परिचारिका एकमेकींकडे बघतात.
आणि दिवस संपताना, उशाचं यंत्र बंद केल्यावर
ती लगेच पाठ फिरवत नाही.
उजेड आकसतो, टिंब होतो, टिंब जातं.
तेवढं होऊ देते. पूर्वी थांबायची नाही.

गुणगुणणं काही सुटलेलं नाही.
मात्र हल्ली पाव सूर वर चढवून बघते,
असलंच कुणी ऐकत,
तर.