दाखल क्रमांक ४२१६

'आतून कडी'. नऊ भयकथा, काळं मुखपृष्ठ,
किंमत दोनशे चाळीस, त्यावर आमचा जांभळा शिक्का.
नेरुळच्या या वाचनालयात मी प्रत्येक पुस्तकाच्या
मागच्या पुठ्ठ्याला एक कोरा कागद डकवते:
वाचलंत, तर दोन ओळी लिहा.
कवितासंग्रहांचे कागद कोरेच राहतात.
याला आठ महिन्यांत तिसरा जोडला.

टिपणीस लिहितात, लाल शाईत:
पान त्रेचाळीस, 'किंकाळी'तली कि दीर्घ छापली आहे.
बाकी भीती शुद्ध.

वाशीला रात्रपाळी करणारी नर्स, सिल्व्हिया:
मेलेली माणसं एवढं बोलत नाहीत.
नुसती जड होतात.

कुणा प्राध्यापकांनी अर्धं पान घेतलंय,
भय हे इथे महानगरी एकटेपणाचं रूपक आहे, वगैरे.
खाली हिरव्या पेनानं, सही नाही:
रूपक रात्री तीन वाजता बेल वाजवतं का?

सर्जेराव पिसाळ, कांदा-बटाटा मार्केट:
गोष्टी बऱ्या. पण एकालाही कामधंदा नाही.
भुताला काय, वेळच वेळ.

करावे गावच्या धर्मा घरतांनी नातवाकडून लिहवून घेतलं:
भूत आमचेच खारीचा हाय,
पन बोलतं कसा, शालेत गेल्यासारखा.
आनी त्या मिठागराला नाव व्हता. ता नाय लिवला.
नाव त्यांनी मला तोंडी सांगितलं, टेबलाशी वाकून,
जसं कुणी आजाऱ्याचं सांगतं.
आता तिथे सेक्टर आहे, आणि सेक्टरात एक जिम.

आठवीतली मृण्मयी, गोल गोल अक्षर:
मी घाबरले नाही. दिवा लावून झोपले ते डासांमुळे.
सातवी कथा राहिली आहे. पुन्हा नेईन.

ती पुन्हा न्यायला आली तेव्हा पुस्तक बाहेर होतं.
चौबळबाईंकडे. चौदा आठवडे.
दोन पोस्टकार्डं टाकली, फोन उचलला जाईना,
मग एका सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, मीच गेले,
सिडकोची जुनी इमारत, तिसरा मजला,
जिन्यात खाडीचा वास आणि कुणाचीतरी फोडणी.

बाईंनी पुस्तक लपवलं नव्हतं.
टीव्हीवर होतं, मधे विजेचं बिल खूण म्हणून.
म्हणाल्या, सातव्या कथेतली बाई मेथी निवडत बसलीय,
बेल वाजलीय, ती अजून उठलेली नाही.
मी तिला पान एकशे बारावर थांबवून ठेवलंय.
तुम्ही पुस्तक नेलंत की कुणीतरी पुढे वाचेल.

मी म्हटलं, अहो, तुमच्याआधी सहा जणांनी
उघडलंच की ते दार.

म्हणून सातव्यानंही उघडायचं?

मला नियम सांगायचा होता. दिवसाला एक रुपया.
त्याऐवजी मी साखर ढवळत बसले.
मजल्यावर कुठेशी बेल वाजली, शेजारची असावी,
बाई कपाकडे बघत राहिल्या
आणि मीही.
दोनदा वाजली. मग पायऱ्यांवरून चपला उतरत गेल्या.
भाजी आज स्वस्त होती, असं काहीतरी त्या बोलल्या.

तेवीस वर्षांत रजिस्टरात मी एकदाच खोटं लिहिलं:
क्र. ४२१६, बांधणीसाठी दिले आहे.
दंडाचे अठ्ठ्याण्णव रुपये पेटीत माझे गेले,
सुटे नव्हते, शंभराची नोट टाकली.

मृण्मयी दर शनिवारी विचारते,
आलं का हो पुस्तक बांधून?
मी सांगते, नाही गं,
खळ अजून ओली आहे.