धडा अकरावा

कोपरखैरणे, सेक्टर सात, पिठाच्या गिरणीवरचा पोटमाळा.
फळ्यावर मी लिहिते : आश्चर्य.
खाली कुणाची तरी ज्वारी दळली जातेय,
म्हणून खडू न झटकताही
शब्दांवर बारीक पांढरं बसत राहतं.

वॉव. ओ माय गॉड. नो वे.
शेवट वर न्यायचा, मी सांगते,
जिना चढल्यासारखा.
सहा जण जिना चढतात
आणि वरच्या पायरीवर एकमेकांकडे बघून हसतात.

“माय गुडनेस म्हंजे?”
सर्जेराव शेलार. बटाटा मार्केटातून थेट येतो, कानामागे माती.
माझा चांगुलपणा, मी म्हणते.
“म्हंजे नवल वाटलं की आपलाच चांगुलपणा आठवायचा?”
याचं उत्तर पुस्तकात नाही.
होली काऊ मी आपणहूनच गाळते.
कोबीची पानं चघळत
ट्रक अडवून बसणाऱ्या त्याच्या रोजच्या गायीबद्दल
तो काय म्हणेल, मला माहीत आहे.

आपलं बरं असतं.
दचकलो की घरचेच आठवतात.
बापरे. आई गं. अगंबाई.
रुखसार म्हणते, आमच्यात अल्ला,
आणि तोही घरचाच.

इंदुमती तांडेल दिवाळ्याची.
सीवूड्सला एका घरात स्वयंपाक करते.
तिथला सहा वर्षांचा मुलगा
वरणाला वॉव म्हणतो, टिकटिक पेनाला वॉव,
लिफ्ट आली तरी वॉव.
एकदा तिनं घरून जिवंत चिंबोरी नेली
आणि पिशवीतून मोरीत सोडली,
तेव्हा मात्र काहीच बोलला नाही,
तिचा पदर मुठीत धरून नुसता उभा राहिला.
“तवा त्याला खरा नवल वाटला,” ती म्हणते.
“बाई, आपले तं तोंडान बोट घालतान.
बोट आत असल्यावं शब्द कुठशी भायेर येल?”

त्या रात्री आरशासमोर मी वॉव म्हणून पाहिलं.
ओठ गोल होतात, उघडतात, परत गोल होतात.
पाहुणा दारातूनच कटवल्यासारखं.
आ वासला की मात्र वासलेलाच राहतो.
(नवऱ्यानं विचारलं, दात दुखतोय का?)

शुक्रवारी तोंडी परीक्षा.
मी एकेकाला खोटी बातमी देते,
त्यांनी खरं आश्चर्य द्यायचं.
मला लॉटरी लागली. वॉव!
माझ्या मांजरीला सात पिल्लं झाली. नो वे!
निकेत घरत एसी दुरुस्त करतो, उंचावर चढायची सवय,
त्याचा सूर इतका वर गेला
की गिरणीवाल्यानं खालून “काय झालं?” विचारलं.
दहापैकी नऊ.

मग सहावी बातमी सुचेना.
तोंडातून निघून गेलं :
हा गाळा विकला गेलाय. पुढच्या महिन्यापासून क्लास नाही.
इथे दातांचा दवाखाना येणार आहे.

पाच जण थांबले,
बातमी खोटी आहे, याची खूण शोधत
माझ्या चेहऱ्यावर.
फळ्यावर नऊ शब्द होते, सगळे तयार,
उद्गारचिन्हांसकट.
कुणीही एकही उचलला नाही.
इंदुमतीचं बोट ओठांपर्यंत गेलं
आणि तिथेच राहिलं.

मग सर्जेराव म्हणाला, रिअली.
शेवट वर गेला नाही.
खाली उतरला, पायरी पायरीनं,
पाठीवर पन्नास किलो असल्यासारखा,
पाय चाचपत.

मी तो सूर सुधारला नाही.
मार्काच्या रकान्यात पेन टेकवून बसले,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
खालची गिरणी कधीच बंद झाली होती,
ते मला तेव्हा ऐकू आलं.