तक्रार निराधार

रावपुऱ्यातल्या पाट्या मला आता पाठ आहेत.
न्यायमंदिर मागे टाकलं की चौथ्या मिनिटाला
तांब्यापितळेच्या दुकानापाशी थांबायचं,
भाव विचारायचा नाही, नुसतं बघायचं.
हातात भाजीची पिशवी असेल तर एक दुकान आधी.
मालतीला वाटतं, निवृत्तीनंतर मला भांड्यांचा नाद लागला.

दुखत नाही. खरंच.
छातीवर कुणी ओली गोणी आणून ठेवावी
आणि दोन मिनिटं उभं राहिलं
की मुकाट्यानं उचलून न्यावी, तसं.
सात महिने तेवढंच, तिथंच.
वेळ पाळणाऱ्या गोष्टीची भीती वाटत नाही माणसाला.

निजवून काढलेला कार्डिओग्राम स्वच्छ आला.
मी पेढे आणणार होतो.
डॉक्टर वैजयंती पागनीस कागद बाजूला सारून म्हणाल्या,
"हा तुमच्या आरामाचा. आता कामाचा बघू."

मग तो पट्टा.
छातीवर दहा तारा, भिंतीवर एकच कॅलेंडर,
चालतोय चालतोय, कॅलेंडर जवळ येत नाही.
दर तीन मिनिटांनी चढ वाढतो.
"काका, छातीमां कंई थाय छे?" हेतलबेन विचारते.
ना बेन, ना.
तिसऱ्या चढाला गोणी आली.
मी काही बोललो नाही,
पण पडद्यावरची रेघ ठोक्यानंतर वर येईना,
खालच्या खालीच सपाट सरकत राहिली.
चहाडखोर.

पुढच्या आठवड्यात सुईतून किरणांचं औषध,
आणि शेजारी शेजारी दोन चित्रं:
एक धापेचं, एक विसाव्याचं.
आडवं कापलेलं हृदय मेदूवड्यासारखं दिसतं, कुणी सांगितलं नव्हतं.
धापेच्या वड्याला खालून एक फिकट कड.
विसाव्याच्या वड्यात तीच कड भरलेली.
"जिवंत आहे ती जागा," बाई म्हणाल्या,
"मागणी वाढली की पुरवठा पोचत नाही, एवढंच."

एवढंच.
चौतीस वर्षं मी या शहराचे व्हॉल्व्ह फिरवले.
वाडीत, बोळाच्या टोकाला, गोदूबाई निंबाळकरांचं घर.
सकाळी नळाला करंगळीएवढी धार नाही, असा अर्ज.
मी दुपारी बाराला गेलो. तोटी सोडली. बादली धो धो भरली.
वहीत लिहिलं: प्रेशर बरोबर, तक्रार निराधार.
असं तीनदा.
तिसऱ्यांदा त्या उंबऱ्यात बसूनच म्हणाल्या,
"साहेब, एकदा सव्वासहाला या ना,
सगळी आळी भरत असते तेव्हा."
सव्वासहाला माझी ड्युटी नसायची.

बाई सांगत होत्या: गोळ्या, चालणं, मीठ कमी,
नळी घालायची आत्ताच घाई नाही,
ही बारकी जिभेखाली, खिशात असू द्या.
"काही शंका?"
मी म्हटलं, नाही.

काल पाट्या वाचत वाचत वाडीपर्यंत गेलो.
पाच थांबे झाले.
घराच्या जागी इमारत, खाली ओळीनं सहा मोटारी पाण्याच्या.
वॉचमनला निंबाळकर माहीत नाहीत.
जिन्याखाली एक जुनी पितळी तोटी तेवढी राहिलीय,
घासून घासून पांढुरकी झालेली.
हात पुढे केला होता.
मग घड्याळ बघितलं.
बारा वाजून दहा.