टिंब

सांगलीत पहिल्याच आठवड्यात
माझ्या आडनावातलं टिंब पडलं.
मार्केट यार्डात दिवाणजींनी हजेरीपटावर लिहिलं, गावडे.
मी म्हटलं, गावंडे. अकोल्याचा.
ते म्हणाले, तेच की.

इथं वाक्याच्या शेवटी 'की' ठेवतात,
पाहुण्यापुढे पाट सरकवावा तसा.
बसा की. खावा की. असू दे की.
आणि मी उभाच, चपला न काढता.

काम हळदीचं.
पोत्यात परखी खुपसायची, नमुना काढायचा,
हळकुंड मोडून आतला रंग वहीत लिहायचा,
जणू रंगाला शब्द असतात.
रात्री बनियन पिवळं, उशी पिवळी,
शिंकलो तर रुमालही.
घरमालकीण पद्मावती मगदूम
दोरीवरचे कपडे बघून म्हणतात,
आमचा भाडेकरी रोजचाच नवरदेव हाय की!
माझं लग्न मोडलंय हे त्यांना ठाऊक नाही.
मी हसतो.
एवढं हसू अकोल्याहून घेऊन आलो होतो,
पुरवून वापरतोय.

खोलीच्या भिंतीवर दोन रेघा.
एक माझ्या कमरेशी,
दुसरी डोक्याच्या वर चार बोटं.
पाण्याच्या, त्या म्हणाल्या, खालची पाच सालची, वरली एकोणीसची.
दाराच्या चौकटीवर पोरांची उंची दाखवावी
तसा त्यांचा आवाज.
मी टँकरमागे बादली घेऊन पळालेला माणूस,
आमची मोर्णा जलपर्णी पांघरून झोपलेली.
त्या वरल्या रेघेखाली उभा राहिलो, टाचा उचलल्या.
नाही पोचलो.
पेटी कुठं ठेवू, विचारलं.
खालीच ठेवा की.
पाणी यायला लागलं की सांगते.

सहा महिने मला कुणी 'बे' म्हटलं नाही.
हे दुखणं कुठल्या डॉक्टरला दाखवायचं?
मिरजेत म्हणे सगळ्यावर इलाज होतो.
रविवारी घाटावर जायचो, भडंगाची पुडी घेऊन,
पाण्याकडे तोंड करून स्वतःलाच म्हणायचो,
काय करून रायला बे?
शेजारी कपडे पिळणारी बाई
जरा लांब सरकायची.

मग ऑगस्टात कधीतरी
दस्तगीर हमालानं थप्पीआडून विचारलं,
आयर्विनला किती?
चौतीस, मी म्हणालो, वहीतून वर न बघता,
सकाळपासून थांबलंय.
तो बरं म्हणून कामाला लागला.
मी मात्र पुढची ओळ लिहू शकलो नाही.
मला कधीपासून माहीत असायला लागलं?
कोयनेतून किती सोडलं हेही माहीत होतं,
पोटात भूक असावी तसं, न विचारता.

त्याच रात्री भावाचा फोन.
काय करतो?
जेवायलोय, मी म्हणालो.
पलीकडे तो हसत सुटला,
जेवून रायलो म्हण ना बे!
कसा बोलून रायला तू?
फोन ठेवला तरी
तो 'बे' मी बराच वेळ कानाशी धरून होतो.
आमटी गार झाली.
गारच खाल्ली. तिखट होती,
आणि थोडी गोड,
ज्याचा मला सुरुवातीला राग यायचा.

आज दुपारी कुरियरवाला आला.
गावडे?
व्हय की.
सही केली, तो गेला,
पाकीट उलटं केलं तर छापलेलं नाव संपूर्ण,
टिंबासकट.
अकोल्याच्या कोर्टाचा शिक्का.
पेन अजून उघडंच होतं हातात.
सहीवर टिंब द्यायचं राहिलं म्हणून दारात आलो
तोवर त्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी.

कसलं पत्र आलं? जिन्यावरून पद्मावतीबाई.
जुनंच आहे की, मी म्हणालो.

वाचलं नाही. घडी करून पेटीत ठेवलं.
पेटी खालीच आहे.