पान एकोणचाळीस

चाकणच्या प्लांटमागे, कुंपणाला लागून
चारशे रोपं लावली आम्ही.
प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला, नंबर.
जगली तीनशे एकाहत्तर.
हे अहवालात लिहिलंय मी, फोटोसकट.

मनुष्यबळ विभागात मला नऊ वर्षं झाली.
मनुष्य आणि बळ,
यातलं नेमकं काय सांभाळायचं
हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

रोपांना पाणी घालायची वत्सला केंगले.
कंत्राटी. बिल्ला पिवळा.
सात महिने झाले की ब्रेक द्यायचा,
नाहीतर माणूस मुळं धरतो,
असं साहेब म्हणतात. हसत.

ब्रेकच्या कागदावर सही माझीच.
तिनं तो वाचला नाही, घडी घालून
ब्लाउजात ठेवला. म्हणाली,
"दोनशे बारा नंबरला जरा जास्त घाला मॅडम,
त्याच्याखाली नुसता मुरूम आहे."

कंपनीची बस मोशीला अडकलीय तासभर.
मांडीवर लॅपटॉप, पान एकोणचाळीस,
'आमची माणसं' या मथळ्याखाली
एक चौकोन रिकामा.
मी लिहिते : वत्सला.
खोडते. नावं लिहायची नसतात तिथं,
आकडे लिहायचे.

दोनशे बारा, लिहिते.

बाटलीत अर्धं पाणी उरलंय.
ते पीत नाही.